नवा पदार्थ घरी करून बघताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी, लातूर, बीड, नांदेड, जालना, हिंगोली, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर. इकडच्या घरांत नवीन काही करून बघणाऱ्या सगळ्यांसाठी ही उत्तरं लिहिली आहेत. शेजारपाजारच्या, नात्यातल्या आणि नव्यानेच स्वयंपाकाला लागलेल्या मुलामुलींनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, तेच इथे घेतले आहेत.

कृती तंतोतंत पाळली, तरी पदार्थ जमून येत नाही. असं का होतं?

कृती लिहिणाऱ्याने तो पदार्थ त्याच्या घरच्या पाण्यात, त्याच्या गिरणीच्या पिठावर आणि त्याच्या शेगडीच्या आचेवर जमवलेला असतो. आपल्याकडे या तिन्ही गोष्टी वेगळ्या. मुंबईच्या दमट हवेतलं पीठ आणि मे महिन्यात परभणीच्या डब्यातलं खडखडीत कोरडं पीठ एकाच मापाचं पाणी कसं पिणार? त्यामुळे कृतीतला पाण्याचा आकडा हा अंदाज समजावा. पीठ भिजवताना सांगितलेल्या पाण्यातलं थोडं मागे ठेवा, कणीक दहा मिनिटं झाकून ठेवा, मग हात लावून बघा आणि उरलेलं पाणी घालायचं की नाही ते ठरवा.

दुसरं, कृती हातात आली की गॅस पेटवण्याआधी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. साहित्याच्या यादीत ‘भिजवलेली दाळ’ एवढंच लिहिलेलं असतं आणि त्यात अख्खी रात्र दडलेली असते. ‘टांगलेलं दही’, ‘परतलेला कांदा’, ‘गार झालेला पाक’ हेही तसंच.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: पहिल्या खेपेला काहीही बदलू नका आणि दुसऱ्या खेपेपासून एका वेळी एकच गोष्ट बदला. मैद्याऐवजी कणीक, साखरेऐवजी गूळ आणि लोण्याऐवजी तेल असं सगळं एकदम केलं, तर केक का बसला हे कळायला मार्गच उरत नाही.

राजमा, छोले, कधी कधी तर तुरीची दाळसुद्धा शिजत नाही. किती शिट्या द्यायच्या?

शिट्यांकडे नंतर येऊ, आधी पाणी बघा. आपल्या बऱ्याच भागात बोअरचं पाणी जड आहे. हंड्याच्या तळाशी, गिझरमध्ये, चहाच्या पातेल्यात पांढरा थर बसत असेल तर पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर आहे. दाण्याच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला हे क्षार आणखी घट्ट करतात, म्हणून दाणा आत टणक राहतो. यावर तीन उपाय आहेत. शिजवण्यापुरतं तरी पिण्याचं फिल्टरचं पाणी घ्या. भिजवताना पाण्यात थोडं मीठ घाला. आणि अगदीच अडलं तर शिजताना खाण्याच्या सोड्याची चिमूट टाका. चिमूटच, कारण सोडा वाढला की दाळीला साबणासारखी चव येते.

जुनं कडधान्य हेही एक कारण. पत्र्याखालच्या खोलीत दोन उन्हाळे काढलेला हरभरा कितीही शिट्या दिल्या तरी हवा तसा मऊ होत नाही.

तिसरं कारण आंबट. चिंच, टोमॅटो, अंबाडी, आमसूल यातलं काहीही दाळ मऊ होण्याआधी पडलं की दाळ तिथेच अडते. अंबाडीची भाजी आपल्याकडे करतात ती रीत आठवा: अंबाडी वेगळी उकडून पिळून घेतात, दाळ आणि ज्वारीच्या कण्या वेगळ्या शिजवतात आणि मग एकत्र घोटून वर लसणाची फोडणी देतात. त्या रीतीत हे सगळं शास्त्र आलेलं आहे. नव्या कृतीत ‘टोमॅटो आणि राजमा एकत्र कुकरला लावा’ असं दिसलं की मी तिथेच क्रम बदलते.

आता शिट्या. मोठ्या आचेवर भरभर झालेल्या चार शिट्या आणि बारीक आचेवर सावकाश झालेल्या चार यांच्यात वेळेचा फार फरक असतो. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा आणि तिथून मिनिटं मोजा. वहीतही मिनिटंच लिहा.

राजम्याबद्दल एक गोष्ट गांभीर्याने सांगायची आहे. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात पोट बिघडवणारं विषारी द्रव्य असतं. किमान ५ तास भिजवा, ते पाणी फेका आणि नव्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे. सॅलडसाठी ‘थोडा कचकचीत’ राजमा ठेवू नका.

पाण्याची टंचाई असताना ‘तीन-चार पाण्यांनी धुवा’ हे कसं जमायचं?

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न वेगळा समजावून सांगायला नको. तांदूळ-दाळ वाहत्या नळाखाली न धुता पातेल्यात चोळून धुवा. पहिलं पाणी झाडांना, दुसरं घासायच्या भांड्यांना. पालेभाजी निवडून झाल्यावर धुवायची, आधी नाही, म्हणजे टाकाऊ देठांवर पाणी जात नाही. ज्या कृतीत पास्ता किंवा शेवया भरपूर पाण्यात उकळून निथळायच्या असतात, तिथे ते निथळलेलं पाणी रश्शाला किंवा सूपला वापरा. त्यात उतरलेल्या पिठामुळे रस्सा छान मिळून येतो.

कप म्हणजे नेमकं किती? आमची वाटी चालेल का?

चालेल, पण मग सगळ्याच गोष्टी त्याच एका वाटीने मोजा. घोळ होतो तो अर्धं माप कपाने आणि अर्धं वाटीने घेतल्यावर. परदेशी कृतीतला कप साधारण २४० मि.ली.चा, आपली आमटीची वाटी बहुधा १५० च्या आसपास. लहान चमचा ५ मि.ली., मोठा चमचा १५ मि.ली. ऑस्ट्रेलियाच्या कृतीत मात्र मोठा चमचा २० मि.ली.चा धरतात.

एक कप मैदा हलक्या हाताने भरला तर १२० ते १२५ ग्रॅम भरतो, दाबून भरला तर १५० पर्यंत जातो. एवढ्या फरकाने बिस्किटाचा दगड होऊ शकतो. घरात एखादीच नवी वस्तू आणायची असेल तर साधा वजनकाटा आणा. महागड्या मिक्सरपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

मिठाचंही असंच. जाड्या मिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा वजनाला सारखे नसतात.

इडलीचं पीठ एप्रिल-मेमध्ये आंबट होतं आणि डिसेंबरमध्ये फुगतच नाही.

‘रात्रभर आंबवा’ हे वाक्य आपल्या हवेला लागू पडत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो आणि हिवाळ्यात परभणीच्या रात्री एक आकडी तापमानापर्यंत उतरतात. घड्याळ बाजूला ठेवून पीठ बघा: आकार जवळपास दुप्पट झाला, वरून जाळी दिसली, वास कोवळा आंबूस आला की झालं.

उन्हाळ्यात दाळ-तांदूळ माठातल्या गार पाण्यात भिजवा, वाटतानाही गार पाणी घाला (मिक्सरचं भांडं तापलं की पीठ तिथूनच गरम होतं), मीठ आधीच घाला आणि पाच-सहा तासांनी पीठ फ्रिजमध्ये टाका. हिवाळ्यात उलटं: कोमट पाणी, मीठ शेवटी, आणि पातेलं गोधडीत गुंडाळून स्वयंपाकघराच्या सगळ्यात उबदार कोपऱ्यात.

पावाच्या यीस्टलाही हेच. पाणी बोटाला कोमट लागेल इतपतच असावं. चटका बसणाऱ्या पाण्यात यीस्ट मरतं.

ओव्हन नाही. केक कुकरमध्ये केला तर?

बरेच जण करतात, पण कुकर बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या तो पाण्याशिवाय तापवू नका असं बजावतात. त्यापेक्षा जुनी जाड बुडाची कढई घ्या, आत स्टँड ठेवा, वर घट्ट बसणारं झाकण ठेवा, दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा आणि मग डबा आत ठेवून आच बारीक करा. पहिली पंचवीस मिनिटं झाकण उघडू नका. वरून तांबूस रंग येणार नाही, कारण कढईत उष्णता मुख्यतः खालून येते. रंगासाठी आच वाढवली तर बूड करपेल.

परदेशी कृतीत ३५० अंश दिसले तर ते फॅरनहाइट आहेत, म्हणजे आपले साधारण १७५ ते १८०.

सोडा आणि बेकिंग पावडर एकच का?

नाही. सोड्याला फुलायला काहीतरी आंबट लागतं: दही, ताक, लिंबू. बेकिंग पावडरमध्ये ते आंबट आधीच मिसळलेलं असतं. सोडा तिच्यापेक्षा तीन-चार पट तीव्र, म्हणून चमच्याला चमचा बदलू नका. डबा जुना असेल तर गरम पाण्यात चिमूटभर बेकिंग पावडर टाकून बघा. फसफसली नाही तर ती गेली. सोडा तपासायला लिंबाचा रस.

मैद्याऐवजी ज्वारीचं पीठ वापरता येईल का? घरात तेच असतं.

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण ज्वारी ही आपल्या हक्काची गोष्ट आहे. मालदांडी हा वाण घरोघरी माहीत आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने परभणी मोती, परभणी ज्योतीसारखे वाण दिले आणि २०१८ मध्ये लोह-जस्त जास्त असलेला परभणी शक्ती दिला.

ज्वारीत ग्लूटेन नाही. गव्हाची कणीक मळली की जी लवचीक तार तयार होते, ती ज्वारीत कितीही मळलं तरी येत नाही. भाकरीला आपण उकळतं पाणी घालतो ते यासाठीच: गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि थापताना कडा चिरत नाहीत. हीच युक्ती नव्या पदार्थांत वापरा. ज्वारीचे मोमो, रॅप किंवा पास्ता करायचा असेल तर पीठ आधी उकड काढतो तसं उकळत्या पाण्यात घोटून, झाकून, कोमट असतानाच मळा. थंड पाण्यात भिजवून लाटायला गेलात तर तुकडे पडणारच.

केकला निम्मी ज्वारी आणि निम्मी कणीक घ्या आणि मिश्रण अर्धा तास मुरू द्या, म्हणजे खाताना पीठ दाताखाली रवाळ लागत नाही. बिस्किटं आणि नानकटाईला तर ज्वारी मैद्यापेक्षा सरस आहे, कारण तिथे तार नकोच असते, खुसखुशीतपणा हवा असतो. धिरडी, वॅफल, पॅनकेक यांत ताक घालून बिनधास्त करा. पीठ मात्र ताजं हवं. दळून बरेच दिवस झालेलं पीठ कडवट लागतं आणि थापताना साथ देत नाही. थोडं थोडं दळून आणा.

काळ्या मसाल्याऐवजी गरम मसाला, किंवा उलटं, चालतं का?

गरम मसाला शेवटी वरून पेरतात, वासासाठी. आपला काळा मसाला तेलात भाजलेल्या धण्यांचा, सुक्या खोबऱ्याचा, तिळाचा, दगडफुलाचा असतो. तो फोडणीत तेलात पडला, खमंग झाला आणि वर गरम पाणी पडलं की तर्री सुटते. त्याची जागा चिमूटभर गरम मसाला घेऊ शकत नाही. उलट पंजाबी पनीरच्या भाजीत काळा मसाला घातला तर ती आपलीच रस्साभाजी होते. चवीला उत्तम, पण जे करायला निघालो होतो ते नव्हे.

जिथे काळा मसाला नव्या पदार्थाला खरंच उचलून धरतो अशा काही जागा: मशरूमचा रस्सा, उकडलेल्या अंड्यांची करी, सोयाबीनच्या वड्या, भाजलेला फ्लॉवर. या सगळ्यांना स्वतःची चव बेताची असते, म्हणून त्या मसाला अंगी लावून घेतात.

येसराचाही असाच विचार करा. गहू, हरभऱ्याची दाळ, तांदूळ अशी धान्यं भाजून मसाल्याबरोबर दळलेलं ते पीठ आमटीला चवीबरोबर दाटपणाही देतं. सूप दाट करायला कॉर्नफ्लोअर आणण्याऐवजी भोपळ्याच्या किंवा टोमॅटोच्या सूपमध्ये चमचाभर येसर थंड पाण्यात कालवून घाला. गरम रश्शात कोरडंच टाकलं तर गुठळ्या होतात. आणि लक्षात ठेवा, ते पीठ आधीच भाजलेलं आहे, फार वेळ उकळत ठेवायची गरज नाही.

नान खलिया घरी जमेल का?

खलिया म्हणजे मटणाचा रस्सा, तो जमेल. त्याबरोबरचा नान तसा जमणार नाही. हा पदार्थ छत्रपती संभाजीनगरचा. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, त्या काळापासून तो इथे आहे असं सांगतात. मोठ्या देगेत शेकडो माणसांसाठी शिजणारा पदार्थ आपण चार जणांसाठी करतो तेव्हा सगळ्यात आधी बदलतो तो वेळ. मोठ्या भांड्यात उष्णता सावकाश चढते आणि सावकाश उतरते, मटण त्यात तासन्‌तास मुरतं. घरी जाड बुडाचं पातेलं घ्या, झाकणाच्या कडेला कणीक लावा, खाली तवा ठेवून बारीक आचेवर ठेवा. कुकर वापरलात तर मटण शिजेल, पण रश्शात मुरणार नाही. म्हणून कुकर उघडल्यावर पुन्हा वीस मिनिटं मंद आचेवर उकळू द्या. मसाल्यातली खसखस आणि खोबरं वेगवेगळं भाजा. खोबरं तांबूस होईपर्यंत खसखस करपून जाते.

नान तंदूरचा. घरी तव्यावर केलेली जाड रोटी बरोबर घ्या, किंवा नान बाजारातून आणा. त्यात काहीच कमीपणा नाही.

वेळ अमावास्येची भज्जी पुण्यात राहून करायची आहे. सगळं साहित्य मिळत नाही.

लातूर-धाराशिवकडची लेकरं शिकायला, नोकरीला बाहेर गेली की मार्गशीर्ष अमावास्येला हा प्रश्न येतोच. तुरीचे कोवळे दाणे, हिरवा हरभरा, वाटाणा, वाल, ओले शेंगदाणे यांपैकी जे मिळेल ते घ्या. फ्रोजन वाटाणा आणि तूर चालते, पण ते शेवटी घाला, नाहीतर गळून जातात. दाणे आणि भाज्या आधी मऊ शिजवून घ्या, चिंचेचा कोळ त्यानंतर. आंबटाचा तोच नियम. बेसन पाण्यात कालवून सर्वांत शेवटी लावा आणि सतत ढवळा.

भज्जीबरोबरची ताकातली आंबील स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात ठेवा. कल्हई गेलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंच कधीच ठेवू नये.

पाहुणे येणार आहेत. नवीन काही करू का?

त्याच दिवशी पहिल्यांदा, नको. आठवडाभर आधी घरच्यांसाठी अर्ध्या मापाने करून बघा.

माप अर्धं किंवा दुप्पट करताना काय बघायचं?

साहित्य दुप्पट होतं, वेळ दुप्पट होत नाही. रस्सा किती आटणार हे भांड्याच्या तोंडावर ठरतं: पसरट कढईत पाणी लवकर उडतं, उभ्या पातेल्यात राहतं. म्हणून दुप्पट करताना पाणी दुप्पटीपेक्षा थोडं कमी घ्या. मीठ, तिखट आणि लवंग-दालचिनीसारखे उग्र मसाले दीडपट घालून चाखा, मग वाढवा.

तिखट किंवा खारट झालं तर?

तिखटाला पाणी हे औषध नाही. मिरचीतला तिखटपणा स्निग्धात विरघळतो, म्हणून दाण्याचं कूट, खोबऱ्याचं वाटण, साय, दही किंवा वरून तूप. आपल्याकडे कूट घरात असतंच. खारटाला बटाटा टाकायचा सल्ला सगळे देतात, पण बटाटा थोडं खारट पाणी शोषतो एवढंच. खरा उपाय म्हणजे प्रमाण वाढवणं: बिनमिठाची शिजलेली दाळ, आणखी भाजी, आणखी पाणी. करपलं असेल तर ढवळू नका, खरवडू नका. वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात काढा आणि मगच चाखा.

उरलेलं किती वेळ बाहेर ठेवावं?

उन्हाळ्यात तासाभरात फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, विशेषतः भात, पास्ता आणि नारळाचं वाटण घातलेले पदार्थ. शिजलेला भात उबेत राहिला तर त्यात वाढणारे जंतू विष तयार करतात आणि ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. सकाळच्या भाताचा रात्री फ्राइड राईस करायचा असेल तर तो भात परातीत पसरून निववा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेलं काही देऊ नका, कृतीत ‘लहान मुलांना आवडेल’ असं लिहिलेलं असलं तरी.

घरचे नवीन पदार्थाला नाक मुरडतात.

पहिल्यांदा तो तोंडी लावायला म्हणून वाढा, भाकरी-वरण जागच्या जागी असू द्या. म्हाताऱ्या माणसांना रात्रीच्या जेवणात बदल सोसत नाही, तर नवी गोष्ट सकाळी करा. आणि कुणी ‘यात थोडं दाण्याचं कूट घाल’ म्हणालं तर ऐकून घ्या. ते पदार्थ आपलासा करायला बघत असतात.

आजी-मावशींकडून कृती हवी आहे, पण त्या मापच सांगत नाहीत.

त्यांच्या हातात माप आहे, तोंडात नाही, म्हणून विचारत बसण्यापेक्षा शेजारी उभे राहा. तिखटाचा डबा वजनकाट्यावर ठेवा, त्यांना नेहमीसारखं त्यातून घेऊ द्या आणि डब्याचं वजन किती उतरलं ते लिहा. पिठाचं, तेलाच्या बरणीचं, मिठाचं तसंच. त्यांच्या कामात खंड पडत नाही आणि माप ग्रॅममध्ये मिळतं. माझ्या वहीत एका मावशींच्या शेंगोळ्यांचं पान असं आहे: हुलग्याचं पीठ, ज्वारीचं पीठ, लसूण, तिखट, पुढे ग्रॅम, आणि खाली ‘वळून पाण्यात सोडले की झारा लावू नये, वर येईपर्यंत थांबावं’.

ती खालची ओळ आकड्यांइतकीच जपा. फोडणीत काय आधी पडलं, आच कधी कमी केली, झाकण कधी काढलं, ‘झालं’ हे त्यांनी कशावरून ओळखलं, हे सगळं त्याच वेळी लिहा. घरी आल्यावर आठवत नाही. पाणी कोणतं होतं, नळाचं की बोअरचं, तेही लिहा. लिहून झालं की त्यांनाच वाचून दाखवा. राहिलेलं त्या लगेच सांगतात.